घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस लागतो का? सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न इथे पुण्यात शेजारी, नातेवाईक, ऑफिसातले लोक सारखे विचारतात तेच आहेत, प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलं. सगळं घरच्या कॉम्प्युटरबद्दल आहे. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर काय टाकायचं ते तुमचा आयटीवाला ठरवणार, तिथे माझं ऐकू नका. विंडोजबद्दल जास्त आहे कारण घरोघरी तेच असतं.

थोडक्यात सांगा, विकत घ्यायचा की नाही?

विंडोज ११ असेल, अपडेट वेळच्या वेळी होत असतील आणि क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्स तोडून फुकटात चालवलेली सॉफ्टवेअर टाकायची सवय नसेल तर नका घेऊ. अँटीव्हायरस लागतो, त्यात वाद नाही, पण तो विंडोजमध्ये आधीच बसवलेला आहे. ज्या गोष्टींमुळे लोकांचं आजकाल खरंच नुकसान होतं त्यातल्या बऱ्याचशा विकतचा अँटीव्हायरस असला तरी होतातच, पुढे वाचा म्हणजे कळेल.

आधीच आहे म्हणजे नक्की कुठे? मला तर दिसत नाही.

दिसत नाही कारण तो गप्प बसून काम करतो, रोज "तुमचं संरक्षण केलं हो" म्हणून पाटी नाचवत नाही. त्याचं नाव डिफेंडर. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी एसेन्शियल्स नावाचा फुकट अँटीव्हायरस काढला होता, तो वेगळा डाउनलोड करायला लागायचा, मग २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा तो डिफेंडर नावाने आतच टाकून दिला आणि तेव्हापासून प्रत्येक विंडोजमध्ये आहे.

बघायचा असेल तर स्टार्ट दाबून "विंडोज सिक्युरिटी" टाइप करा, ढालीचं चिन्ह येईल ते उघडा. आत "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन" वर हिरवी टिक पाहिजे. त्याच्या सेटिंग्जमध्ये "रिअल टाइम प्रोटेक्शन" आणि "टॅम्पर प्रोटेक्शन" ही दोन्ही बटणं चालू पाहिजेत. दुसरं फार महत्त्वाचं आहे, ते चालू असलं की एखादा घुसलेला प्रोग्रॅम गुपचूप डिफेंडर बंद करू बघतो ना, ते त्याला जमत नाही. बास, एवढंच बघायचं.

फुकटचं आहे ना, मग विकतच्यासारखं कसं असेल?

ही शंका दहा-बारा वर्षांपूर्वी अगदी बरोबर होती. २०१२-१३ च्या सुमारास अँटीव्हायरस तपासणाऱ्या जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट संस्थेच्या चाचण्यांमध्ये मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस पार मागे पडायचा, आणि "विंडोजमधलं काही कामाचं नाही" हे लोकांच्या डोक्यात बसलं ते तेव्हापासून. नंतर त्यांनी त्याच्यावर बरंच काम केलं आणि आता गेली काही वर्षं एव्ही-टेस्टमध्ये तो नावाजलेल्या विकतच्या अँटीव्हायरसांच्या बरोबरीने मार्क घेतो.

उणं नाहीये असं नाही. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या तशाच संस्थेच्या चाचण्यांमध्ये दिसतं की इंटरनेट बंद असताना डिफेंडर कमी पकडतो, कारण त्याचं निम्मं डोकं मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. म्हणजे गावाकडच्या घरात नेट नसलेला कॉम्प्युटर आणि त्यात येणारे-जाणारे पेनड्राइव्ह घालणारे, असा प्रकार असेल तर तो थोडा उघडा पडतो. पुण्यात घरोघरी वायफाय आहे, तिथे याचा फारसा प्रश्न येत नाही.

दुकानदार म्हणाला अँटीव्हायरस टाकल्याशिवाय मशीन घरी नेऊ नका. तो काय खोटं बोलतोय का?

खोटं नाही, जुनं बोलतोय. आणि त्यात त्याचं मार्जिनही असतं, ते असायला हरकत नाही, धंदा आहे त्याचा.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन ज्यांनी पार्ट जमवून पहिला कॉम्प्युटर असेंबल करून घेतला त्यांना आठवत असेल, मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, एसएमपीएस आणि शेवटी बिलात अँटीव्हायरसची सीडी, हे ठरलेलंच होतं. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात ते योग्यही होतं, तेव्हा विंडोजमध्ये आत काहीच नव्हतं आणि नेटला जोडलं की काही वेळात मशीन बसायचं. शिवाय पुण्याला या धंद्याचा स्वतःचा इतिहास आहे. क्विक हील इथलंच. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्ती करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्तीला आले, आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच एवढे सापडायला लागले की धाकटा भाऊ संजय यांनी ते साफ करायचा प्रोग्रॅम लिहिला. १९९० च्या दशकातली ही गोष्ट, पुढे २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. त्यामुळे पुण्यातल्या दुकानदाराच्या हाताला अँटीव्हायरसचा डबा द्यायची सवय आहे ती काही उगाच लागलेली नाही.

पण ती सवय ज्या काळाची, तो काळ गेला. दुकानदाराला सरळ सांगा, "भाऊ, त्या पैशात मला बाहेरची हार्डडिस्क बसते का बघा." का ते खाली बॅकअपच्या प्रश्नात आहे.

माझ्या विंडोजला क्रॅक मारलाय, ऑफिस पण तसंच आहे. अँटीव्हायरस घेतला तर सेफ ना?

नाही. इथे जरा लांब लिहितो कारण घरच्या मशीनची सगळ्यात जास्त वाट याच रस्त्याने लागते.

क्रॅक डाउनलोड करताना तिथे काय लिहिलेलं असतं आठवा. "आधी अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच खोटी वॉर्निंग देतो." मग झिप फाइल, तिला पासवर्ड, पासवर्ड खाली लिहिलेला. तो पासवर्ड कशासाठी, तर कुलूप लावलेल्या झिपच्या आत अँटीव्हायरसला बघता येत नाही म्हणून. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने पहारेकऱ्याला सुट्टी दिली, वर दार उघडून चोराला सामान आत घ्यायला मदत केली, आणि मग विचारताय की कुठल्या कंपनीचा पहारेकरी चांगला! कुठलाही असू दे, सुट्टीवर असलेला काय करणार.

नुकसान काय होतं ते सांगतो. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं एक रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आहे, मोठ्या कंपन्यांच्या वाटेला तो जात नाही, घरगुती लोकांनाच धरतो आणि मुख्यतः क्रॅकच्या सोबत येतो. काम झालं की लगेच काही कळत नाही. नंतर मुंजीच्या फोटोंचा फोल्डर उघडायला जावं तर प्रत्येक फोटोच्या नावामागे चार अक्षरांचं शेपूट लागलेलं, एकही फोटो उघडत नाही, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये "रीडमी" नावाची एक टेक्स्ट फाइल पडलेली. तिच्यात लिहिलेलं असतं की चावी पाहिजे तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर निम्म्यात. हो, डिस्काउंट पण देतात.

पैसे देऊ नका. नो मोअर रॅन्सम म्हणून एक प्रकल्प आहे, युरोपोल (युरोपीय देशांची पोलीस संस्था), डच पोलीस आणि सिक्युरिटी कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये सुरू केलेला, तिथे फाइल टाकून बघता येतं की या प्रकाराची चावी कुणाकडे आहे का. स्टॉपच्या बाबतीत जुन्या प्रकारांच्या, आणि जिथे मशीनला इंटरनेट नसताना फाइल लॉक झाल्या अशा काही केसेसमध्ये फाइल सुटतात, बाकीच्यांत नाही. लॉक झालेल्या फाइल डिलीट मात्र करू नका, एका डिस्कवर काढून ठेवा, कधीतरी चावी येते.

आणि क्रॅकची गरजच काय हो. पत्रं, हिशेब, मुलांचं प्रोजेक्ट एवढंच असेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठी युनिकोड झकास चालतं. फोटोसाठी गिम्प आहे. हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर चोरून वापरायचं आणि त्याच्या संरक्षणासाठी अँटीव्हायरस मात्र बिलासकट घ्यायचा, हे मला कधी समजलेलं नाही.

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. डेटा गेला का?

बहुतेक वेळा नाही गेला. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधल्या मुलांना हा रोग चांगला ओळखीचा आहे, प्रिंटच्या दुकानातल्या एकाच मशीनला दिवसभर शेकडो पेनड्राइव्ह लागतात, एकाचं दुसऱ्याला व्हायला किती वेळ.

होतं काय की व्हायरस तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवून ठेवतो. नीट बघितलं तर आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो आणि साइज एक-दोन केबी असते, हजार पानांच्या नोट्स एक केबीत कुठून मावणार. त्या शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डर उघडतोही, म्हणून संशय येत नाही, पण उघडता उघडता मागच्या मागे व्हायरस पण चालू होतो. तेव्हा क्लिक करू नका. घरी आल्यावर डिफेंडरने त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाइल दाखवा हे चालू करा आणि त्याच्याच खाली सिस्टिमच्या फाइल लपवा अशी टिक असते ती काढा. तुमचे फोल्डर फिकट रंगात दिसतील. ते कॉपी करून घ्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट मारा.

पेनड्राइव्ह लावताक्षणी आपोआप प्रोग्रॅम चालू व्हायचा तो जुना प्रकार मायक्रोसॉफ्टने २०११ मध्येच अपडेट देऊन बंद केलाय, त्यामुळे आता कुणीतरी क्लिक करावंच लागतं.

जाता जाता, प्रिंटसाठी आधारची पीडीएफ दुकानात मेल करता ती त्यांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच पडून राहते, व्हायरसपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आणि दुकानात व्हॉट्सअॅप वेब उघडलं असेल तर लॉगआउट करून मगच निघा.

खाली कोपऱ्यात सारखं येतं "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले". आईबाबा घाबरलेत.

हा व्हायरस नाही. हे ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे. कधीतरी कुठल्यातरी साइटवर, बहुतेक फुकट सिरियल किंवा क्रिकेट मॅच बघताना, "पुढे जायला अलाऊ दाबा" असं आलं होतं आणि ते दाबलं गेलं, तेव्हापासून त्या साइटला तुमच्या स्क्रीनवर वाटेल ते टाकायची परवानगी मिळाली. ती मग नामांकित अँटीव्हायरसचा लोगो लावून भीती घालते, क्लिक केलं की कार्ड नंबर मागते.

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइटची यादी दिसेल, त्यात अगम्य नावाच्या चार-पाच निघतील, सगळ्या उडवा. वर "साइटना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका" हाच पर्याय निवडून टाका, वडीलधाऱ्यांच्या मशीनवर तर डोळे झाकून. याच्यासाठी कुणी घरी येऊन पाचशे रुपये घेऊन गेला आणि वर एक अँटीव्हायरस गळ्यात मारला अशा गोष्टी कोथरूडपासून हडपसरपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतात.

फुल स्क्रीन लाल झाली, सायरन वाजायला लागला, "या नंबरवर फोन करा" असं आलं. काय करू?

फोन करू नका, एवढं एक केलं तरी जिंकलात. मायक्रोसॉफ्ट कधीही स्क्रीनवर फोन नंबर देऊन बोलवत नाही. एस्केप दाबून धरा, फुल स्क्रीन जाईल, मग टॅब बंद करा. नाही झालं तर कंट्रोल, अल्ट, डिलीट, टास्क मॅनेजर, आणि ब्राउझरच मारून टाका. परत उघडल्यावर "जुने टॅब परत आणू का" विचारेल, नाही म्हणा.

फोन केलात तर पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखं लांबून कॉम्प्युटर चालवायचं अॅप टाकायला लावतो आणि तुमची स्क्रीन त्याच्या हातात जाते. एनीडेस्क हे सरळ कामाचं सॉफ्टवेअर आहे, अँटीव्हायरस त्याला का अडवेल? परदेशातल्या लोकांना फोन करून लुबाडणारी बोगस कॉल सेंटरं आपल्या पुण्यातही पोलिसांनी पकडलीत, तेव्हा पलीकडचा आवाज चक्क मराठीत बोलला तरी हुरळून जाऊ नका.

एका साइटवर "मी रोबोट नाही" साठी विंडोज आणि आर बटण दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगितलं. असं असतं का?

असं कधीच नसतं! हे गेल्या काही काळात फार वाढलंय. विंडोज आणि आर दाबल्यावर जी छोटी खिडकी येते ती कमांड चालवायची आहे. साइटने तुमच्या क्लिपबोर्डवर आधीच एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते, तुम्ही पेस्ट करून एंटर मारलं की तुम्हीच तुमच्या मशीनला सांगता की एक चोर प्रोग्रॅम डाउनलोड कर आणि चालव.

हा चोर फाइल लॉक करत नाही, आवाज करत नाही. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी उचलतो आणि निघून जातो. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलंय याचा पुरावा, ती चोरीला गेली की समोरच्याला बऱ्याचदा ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. "ओटीपी कुणाला सांगितला नाही तरी इन्स्टा गेलं कसं" याचं उत्तर बरेचदा हे असतं. रेडलाइन आणि लुमा ही यातली गाजलेली नावं, २०२४ आणि २०२५ मध्ये परदेशी पोलिसांनी त्यांचे सर्व्हर बंद केले, पण असे नवे येत राहतात. डिफेंडर यातले बरेच पकडतो, सगळे नाही, विकतचेही सगळे पकडत नाहीत.

दोन अँटीव्हायरस टाकले तर डबल सेफ्टी?

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. बाहेरचा टाकला की डिफेंडर समंजसपणे स्वतःहून बाजूला होतो. बाहेरचे दोन टाकले की ते एकमेकांवर संशय घेत बसतात आणि मशीन रांगायला लागतं.

नवीन लॅपटॉपसोबत एक अँटीव्हायरस फुकट आला होता, आता रोज "एक्सपायर झालं" म्हणून डोकं खातोय.

काढून टाका. ती ट्रायल होती, लॅपटॉप कंपनीला त्याचे पैसे मिळतात म्हणून ती टाकलेली असते. सेटिंग्जमधल्या अॅप्समधून अनइन्स्टॉल करा, नाही गेला तर त्याच कंपनीच्या साइटवर साफ काढायचं टूल असतं, ते वापरा आणि रीस्टार्ट करा. मग वर सांगितली ती हिरवी टिक आली का बघा. मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच ठेवणं सगळ्यात वाईट, कारण तो धड काम करत नाही आणि आपण मात्र समजतो की आहे ना काहीतरी.

माझं विंडोज १० आहे, ११ चालत नाही म्हणे. अँटीव्हायरस टाकून भागेल का?

नाही भागणार. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती मिळत राहील, मायक्रोसॉफ्टने ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत द्यायचं म्हटलंय, पण खुद्द विंडोजमधली भोकं बुजवायचं काम थांबलं. अँटीव्हायरस ती भोकं बुजवत नाही. २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरचं उदाहरण बघा, तो ज्या भोकातून घुसला त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दिली होती, हल्ला मे महिन्यात झाला, म्हणजे ज्यांनी दोन महिन्यांत अपडेट मारलं ते वाचले आणि "नंतर करू" म्हणणारे जगभर अडकले.

घरगुती लोकांसाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, अपडेटच्या पानावरच तिचा पर्याय दिसतो, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकटातही मिळते. ती घ्या आणि तेवढ्या वेळात पुढचं ठरवा. ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, काही मशीनमध्ये ती असते पण बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेली असते, तेवढं तपासून घ्या. खरंच नसेल आणि वापर नुसता ब्राउझर, यूट्यूब, मेल एवढाच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून बघा, जुनं मशीन बरं पळतं आणि मराठी टायपिंग पण होतं.

मॅकला लागतो का?

नाही. अॅपलने २००९ पासून एक्सप्रोटेक्ट हा स्वतःचा अँटीव्हायरस आत दिलाय. क्रॅक तिथेही टाकू नका, बाकी काही नाही. लिनक्सला पण घरगुती वापरात लागत नाही.

आणि मोबाइलला?

अँड्रॉइडमध्ये प्ले प्रोटेक्ट ही गूगलची अॅप तपासायची सोय आहे, ते चालू ठेवा, वेगळं काही नको. पण मोबाइलवरच सध्या जास्त पैसे जातात म्हणून दोन गोष्टी सांगतो. व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडचं अॅपच येतं, नाव "आरटीओ चलान" नाहीतर लग्नाची पत्रिका, नाहीतर "बिल भरलं नाही, आज रात्री वीज कापणार". पाठवणारा ओळखीचा असू शकतो कारण त्याचाही फोन गेलेला असतो. फाइल उघडली की फोन आधी विचारतो, अनोळखी ठिकाणचं अॅप टाकू का, मग अॅप विचारतं एसएमएस वाचू का. दोन्हीला हो म्हटलं की तुमचे ओटीपी त्याला मिळायला लागतात.

चलान बघायचं तर परिवहन खात्याच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. आणि लग्नाची पत्रिका पीडीएफ किंवा फोटो असते, एपीके पत्रिका कुणी छापत नाही.

डिफेंडर नको, पण फुकटचा दुसरा एखादा चालेल का?

चालेल, पण फुकटवाला पोट कशावर भरतो ते बघून घ्या. अव्हास्ट खूप लोकप्रिय होता, त्यांच्या जम्पशॉट नावाच्या कंपनीने लोकांचा ब्राउझिंगचा डेटा विकला हे बाहेर आल्यावर २०२० मध्ये ती बंद करावी लागली आणि अमेरिकेतल्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. संरक्षण म्हणून घरात घेतलं आणि त्याने आपलीच माहिती बाजारात नेली. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण इथे नेहमी तसं नसतं.

मग विकतचा कुणी घ्यावाच?

घरूनच टॅक्सचं, अकाउंटिंगचं काम करणारे, ज्यांच्या मशीनवर दुसऱ्यांचा डेटा असतो, त्यांनी घेतला तर मी वेडा म्हणणार नाही. ज्यांना अडलं की फोन उचलून मराठीत बोलणारा कुणीतरी पाहिजे, त्यांनीही. लहान मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायला पॅरेंटल कंट्रोल लागतं म्हणून काही जण घेतात, पण ते मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेटिंगमध्ये फुकट मिळतं, आधी ते वापरून बघा.

घेतलाच तर ऑनलाइन घेताना ऑटो रिन्यूअल बंद करा, पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी कार्डावरून मोठी रक्कम, हा सगळ्या जगाचा धंदा आहे. आणि बघा, अँटीव्हायरस विंडोजच्या फार आतपर्यंत शिरतो. क्राउडस्ट्राइकचं २०२४ च्या जुलैमधलं प्रकरण आठवतंय ना, ते कंपन्यांमध्ये वापरायचं सिक्युरिटी सॉफ्टवेअर आहे, एक चुकीची अपडेट गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा स्क्रीन दाखवून बंद पडली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यायची वेळ आली. संरक्षणासाठी टाकलेल्या गोष्टीचाही धोका असतोच थोडा.

अँटीव्हायरस टाकल्यापासून मशीन स्लो झालंय.

होऊ शकतं, पण जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर खरा दोषी ती आहे. तिच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, बाकी काही करायला लागणार नाही.

डिफेंडर खरंच काम करतोय की नुसतीच टिक आहे, कसं कळणार?

आयकार नावाची चाचणी फाइल असते. ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर, व्हायरस बिलकुल नाही, पण सगळ्या अँटीव्हायरस कंपन्यांनी ठरवून घेतलंय की ही दिसली की ओरडायचं. आयकारच्या साइटवरून डाउनलोड करायला जा, डिफेंडरने लगेच अडवली तर तो जागा आहे. मुलांना दाखवायला पण मजा येते.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला होता, मग माझ्या अँटीव्हायरसने माझे पैसे वाचतील का?

ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी गेले ते बँकेच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये घुसून. ग्राहकाच्या घरात काय होतं याचा त्याच्याशी संबंधच नव्हता. तुमच्या खात्यातून पैसे गेले तर मात्र लगेच १९३० ला फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार करा. उद्या बँकेत जाऊन बघू, असं करू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात.

बॅकअपचं काय म्हणत होतात?

हे की अँटीव्हायरसच्या दोन-तीन वर्षांच्या पैशात बाहेरची हार्डडिस्क येण्यासारखी असते. फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर कॉपी करा आणि मग ती काढून कपाटात ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं, लोक ती कायम लावून ठेवतात आणि रॅन्समवेअर आला की तिच्यावरच्या फाइलही लॉक होतात. अगदी महत्त्वाचं तेवढं गूगल ड्राइव्हवर पण टाका, १५ जीबी फुकट आहे, घराची कागदपत्रं, मार्कशीट एवढं आरामात बसतं.

व्हायरस आलाच आहे असं वाटतंय. आता?

आधी वायफाय बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून किंवा मशीनवरून पासवर्ड बदला, त्याच मशीनवर बसून बदलू नका, नाहीतर नवाही त्यालाच मिळेल. सुरुवात मेलपासून करा कारण बाकी सगळे पासवर्ड मेलवरून रीसेट होतात, आणि तिथे "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट" असेल तर ते दाबा, चोरलेल्या कुकी त्याने निकामी होतात.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे तो करा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा राहत नाही, साधारण पंधरा मिनिटं जातात. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, त्यांच्या साइटवर साफ करायची टूल फुकट मिळतात, तीही चालवून बघा.

तरी मनात शंका राहिली तर फार घोळ घालू नका, फाइल काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका. पेनड्राइव्हवर विंडोज तयार करायचं टूल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, कुणा मित्राने "माझ्याकडे आहे रे कॉपी, सगळं अॅक्टिवेट करून" म्हणून दिलेली नको. आणि टूल मित्राच्या मशीनवर उतरवणार असाल तर त्याच्याकडे हिरवी टिक आहे का ते आधी बघून घ्या.